भूकंपाची मोठी लॅब टेस्ट कशी करायची: प्रश्न ठरवण्यापासून डेटा वाचण्यापर्यंत

शेक टेबलचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेले असतात, टेबल हलतं, बिल्डिंग डुलते, आतलं कपाट आडवं होतं आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत. त्यामुळे लॅबमध्ये नवीन आलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं की टेस्ट म्हणजे ते अर्धं मिनिट. खरं तर तोपर्यंत ठरायचं ते सगळं ठरून गेलेलं असतं. स्पेसिमेन (ज्याला हलवायचं किंवा मोडायचं तो नमुना) केवढा, सेन्सर कुठे, हलवायचं कुठल्या क्रमाने, हे आधीच नक्की झालेलं असतं, आणि तिथे घोळ असेल तर टेबल कितीही भारी असो, हातात उरतात फक्त फोटो.

माझा हट्ट एकच आहे आणि तो या लेखात परत परत येईल: जे स्ट्रक्चर तुम्ही कॉम्प्युटरवर मोडून बघितलं नाही ते लॅबमध्ये मोडायला जाऊ नका. सिम्युलेशन हे टेस्टनंतर रिपोर्ट सजवायला नसतं, ते आधी करायचं असतं.

आधी प्रश्न नीट करा

"ही बिल्डिंग भूकंपात टिकेल का" हा लॅबचा प्रश्नच नाही. कुठल्या भूकंपात, टिकेल म्हणजे काय, काहीच त्यात नाही. लॅबला विचारायचा प्रश्न असा असतो: कॉलममधल्या रिंगांचं अंतर १०० मिलिमीटरऐवजी १५० ठेवलं तर मुख्य सळ्या किती ड्रिफ्टला बकल होतात, म्हणजे दाबाखाली वाकून बाहेर येतात? किंवा, या बीम-कॉलम जॉइंटमध्ये ४ टक्के ड्रिफ्टला कमाल ताकदीच्या किती टक्के ताकद उरते? (ड्रिफ्ट म्हणजे मजल्याचं आडवं सरकणं भागिले मजल्याची उंची. ३ मीटर उंचीला ३० मिलिमीटर सरकलं की १ टक्का.)

असा प्रश्न सापडायचा कसा? तुमचं मॉडेल उघडा आणि बघा की कुठल्या भागावर तुमचा स्वतःचाच विश्वास नाही. काँक्रीट तडकेपर्यंतचं वागणं, साध्या स्टील बीमचं यिल्डिंग (कायमचं ताणलं जाणं), हे कॉम्प्युटर बऱ्यापैकी सांगतो. पण सळईचा बॉण्ड (काँक्रीटशी असलेली पकड) सुटणं, फ्रेमच्या आत भरलेल्या विटांच्या भिंतीचं फ्रेमशी भांडण, वेल्डजवळचा क्रॅक, अँकर बोल्टची ओढाताण, पायाखालची माती, इथे मॉडेल बनवणारा माणूस मनातल्या मनात आकडे घालत असतो. टेस्ट त्या जागेची करायची. बाकीचं कॉम्प्युटरवर ठेवायचं.

पद्धत कोणती निवडायची

मुख्य तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे संथ सायक्लिक टेस्ट. खाली जाडजूड स्ट्राँग फ्लोअर, मागे रिॲक्शन वॉल, तिला बसवलेला हायड्रॉलिक ॲक्च्युएटर, आणि तो स्पेसिमेनला पुढे-मागे ढकलतो, प्रत्येक वेळी थोडं जास्त. किती फेऱ्या आणि किती किती, याला लोडिंग प्रोटोकॉल म्हणतात. अमेरिकन स्टील कोड एआयएससी ३४१ मधला बीम-कॉलम कनेक्शनचा प्रोटोकॉल घ्या: ०.००३७५, ०.००५ आणि ०.००७५ रेडियनला (०.०१ रेडियन म्हणजे १ टक्का ड्रिफ्ट) सहा-सहा फेऱ्या, ०.०१ ला चार, मग ०.०१५ पासून पुढच्या प्रत्येक टप्प्याला दोन-दोन. या पद्धतीचं मोठं सुख म्हणजे थांबता येतं. जवळ जाऊन तडे बघा, मार्क करा, फोटो काढा, चर्चा करा, मग पुढचा टप्पा. तोटा असा की किती आणि कसं हलवायचं ते तुम्ही ठरवलंय, भूकंपाने नाही.

दुसरा रस्ता शेक टेबल. इथे खरं वस्तुमान, खरा वेग, खरी जडत्वाची बलं. जगातलं सगळ्यात मोठं टेबल जपानमधल्या मिकी शहरात आहे, ई-डिफेन्स, २० बाय १५ मीटरचं, १२०० टनांपर्यंतचा स्पेसिमेन तिन्ही दिशांना हलवतं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर ते बांधायचं ठरलं आणि २००५ मध्ये सुरू झालं. २०१५ मध्ये तिथे पूर्ण आकाराची दहा मजली काँक्रीट बिल्डिंग हलवली गेली. दुसरं गाजलेलं टेबल कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेचं, ते उघड्यावर आहे, वर छतच नाही, त्यामुळे उंचीची अडचण नाही. सुरुवातीला ते एकाच दिशेने हलायचं, नंतर सहाही प्रकारच्या हालचाली करता येतील असं अपग्रेड झालं आणि २०२३ मध्ये त्यावर दहा मजली लाकडी बिल्डिंगची टेस्ट झाली. शेक टेबलला थांबवून बघण्याची सोय नाही. एकदा सुरू केलं की वीस सेकंदांत जे हुकलं ते हुकलं.

तिसरा रस्ता सूडो-डायनॅमिक, आणि त्याचीच पुढची पिढी म्हणजे हायब्रिड सिम्युलेशन. कल्पना जपानमधली, १९६९ च्या सुमाराची, आणि सत्तरच्या दशकात कॉम्प्युटर हाताशी आल्यावर ती मार्गी लागली. वस्तुमान आणि डॅम्पिंग (हालचाल हळूहळू विरवणारा विरोध) कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात, आणि स्ट्रक्चर किती जोराने परत ढकलतंय ते मात्र खऱ्या स्पेसिमेनवरून मोजायचं. कॉम्प्युटर एक पाऊल पुढचं विस्थापन काढतो, ॲक्च्युएटर तेवढं ढकलतो, लोड सेल बल सांगतो, ते बल समीकरणात जातं, पुढचं पाऊल निघतं. म्हणजे २० सेकंदांचा भूकंप लॅबमध्ये काही तास चालतो. इटलीत इस्प्राला युरोपियन कमिशनची एल्सा लॅब आहे, तिची १६ मीटर उंच रिॲक्शन वॉल याच कामासाठी प्रसिद्ध.

निवड करताना मी दोनच गोष्टी बघतो. एक, तुमच्या प्रश्नातला भाग वेगावर अवलंबून आहे का? व्हिस्कस डॅम्पर किंवा घर्षणावर सरकणारे बेअरिंग असतील तर त्यांना खऱ्या वेगाने हलवल्याशिवाय उत्तर खोटं येतं, म्हणजे शेक टेबल नाहीतर रिअल-टाइम हायब्रिड. साध्या काँक्रीट-स्टीलला वेगाचा फरक पडतो पण बहुतेक वेळा चालवून घेता येतो. दुसरं म्हणजे वस्तुमान कुठे आहे. मजल्यावर एकवटलेलं असेल तर ॲक्च्युएटरने ढकलणं जमतं. फॉल्स सीलिंग, पाइप, रॅक, टाकीतलं पाणी, अशी पसरलेली वस्तुमानं असतील तर ॲक्च्युएटर लावणार कुठे? तिथे टेबलच हवं. या दोन्हींतलं काही नसेल तर संथ सायक्लिक करा, उगाच शेक टेबलच्या मागे लागू नका. व्हिडिओ चांगला येत नाही एवढंच.

छोटं मॉडेल करायचं तर स्केलचं गणित

पूर्ण आकाराचं सगळ्यांनाच हवं असतं, मिळत मात्र नाही. मग स्केल. इथे एक उदाहरण पूर्ण करून बघू.

१/४ स्केल, तेच मटेरियल, तेच गुरुत्वाकर्षण. लांबी चौथा हिस्सा, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १/१६. स्ट्रेस मूळ बिल्डिंगएवढाच हवा तर बल १/१६ हवं, आणि प्रवेग तोच ठेवायचा असल्यामुळे वस्तुमानही १/१६ हवं. पण आकारमान तर १/६४ झालंय, म्हणून मॉडेलचं स्वतःचं वस्तुमान हव्या त्याच्या फक्त चौथा हिस्सा. उरलेलं, म्हणजे मॉडेलच्या वजनाच्या तिप्पट, शिशाच्या किंवा लोखंडाच्या ठोकळ्यांनी वरून लादायचं. हे ठोकळे मजल्याला असे बांधायचे की ते खडखडणार नाहीत आणि स्लॅबला कडकही करणार नाहीत, आणि हे बोलायला सोपं आहे, बोल्टची जागा ठरवताना घाम निघतो. वेळ लांबीच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे निम्मा. भूकंपाच्या हालचालीचा २० सेकंदांचा रेकॉर्ड १० सेकंदांत दाबायचा, वारंवारता दुप्पट होते. रेकॉर्ड न दाबता तसाच चालवला तर ती वेगळ्याच बिल्डिंगची टेस्ट झाली.

गणित जुळलं तरी मटेरियल जुळेलच असं नाही. २० मिलिमीटरची सळई ५ मिलिमीटरची होते, ती नीट धारीची मिळत नाही, आणि साधी गुळगुळीत तार घातली की बॉण्ड बदलला. खडीही बारीक करावी लागते आणि बारीक खडीचं काँक्रीट ताणात आणि शिअरमध्ये (आडव्या कातरणाऱ्या बलात) मोठ्या खडीच्या काँक्रीटपेक्षा बरं वागतं. म्हणून प्रश्न शिअरचा किंवा बॉण्डचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, अर्ध्या-पाऊण आकाराचा एकच कॉलम करा पण आठव्या हिश्श्याची अख्खी बिल्डिंग करू नका. अख्खी छोटी बिल्डिंग दिसते छान, पण ती तुटते ती तुमच्या खऱ्या बिल्डिंगसारखी नाही.

कॉम्प्युटरवर आधी मोडा

ओपनसीस हे बर्कलेत तयार झालेलं सॉफ्टवेअर रिसर्चमध्ये सर्रास वापरतात, ओपन सोर्स आहे, दुसरं काही वापरत असाल तरी हरकत नाही. बीम-कॉलमसाठी फायबर सेक्शन घ्या, म्हणजे छेदाचे बारीक तुकडे, प्रत्येकाला आपापलं काँक्रीट किंवा स्टीलचं वागणं. मटेरियलची ताकद डिझाइनची घालू नका, प्रत्यक्षात असेल ती घाला. सळई कागदावरच्या यिल्डपेक्षा हमखास जास्त ताकदीची निघते, आणि मग होतं काय की ॲक्च्युएटर निवडला कागदावरच्या ताकदीवर, स्पेसिमेन निघाला दणकट, आणि कमाल लोडच्या आधीच ॲक्च्युएटरचा दम संपला. टेस्ट अर्धवट.

तीन मॉडेलं करा: तुमचा खरा अंदाज, मटेरियल जास्त दणकट निघालं तर, आणि कमजोर निघालं तर. ॲक्च्युएटर आणि फ्रेम दणकट मॉडेलवर ठरवा, सेन्सरची रेंज आणि स्पेसिमेन पडू नये म्हणून केलेली सोय कमजोर मॉडेलवर.

नॉनलिनियर ॲनालिसिसमध्ये (म्हणजे मटेरियल तडकून, यिल्ड होऊन बदलतं हे धरून केलेल्या हिशेबात) चकवणाऱ्या तीन जागा सांगून ठेवतो, कारण आकडे व्यवस्थित दिसत असतात आणि चूक आत लपलेली असते. पहिली, ताकद उतरायला लागली की सगळं नुकसान एकाच इंटिग्रेशन पॉइंटवर (मेंबरच्या लांबीत जिथे छेदाचा हिशेब होतो त्या जागी) गोळा होतं, मग पॉइंट तीनऐवजी पाच केले की उत्तर बदलतं. स्ट्रक्चर तेच, भूकंप तोच, उत्तर मात्र वेगळं! हिंजची, म्हणजे यिल्ड होऊन वाकणाऱ्या भागाची, लांबी विचार करून ठरवली नसेल तर हे होणारच. दुसरी, रॅले डॅम्पिंग, म्हणजे वस्तुमान आणि स्टिफनेस (कडकपणा) यांच्या प्रमाणात घातलेलं डॅम्पिंग. ते सुरुवातीच्या स्टिफनेसला बांधलेलं असेल तर काँक्रीट तडकून मऊ झाल्यावरही डॅम्पिंग जुन्या कडकपणाच्या हिशेबानेच बल देत राहतं, आणि प्रत्यक्षात नसलेली ताकद मॉडेलला मिळते. तिसरी, पी-डेल्टा (सरकलेल्या मजल्याच्या वजनामुळे येणारा जादा मोमेंट) चालू करायला विसरणं, छोट्या ड्रिफ्टला फरक दिसत नाही, कोसळण्याच्या जवळ सगळा फरक तोच असतो.

आणि अंदाज लिहून ठेवा. तारखेसह, टेस्टच्या आधी. कमाल बल एवढं, पहिलं यिल्ड इथे, सळई तुटणार या ड्रिफ्टला. २०१० मध्ये सॅन दिएगोच्या टेबलावर १.२ मीटर व्यासाचा एकच गोल ब्रिज कॉलम, माथ्यावर काँक्रीटचा प्रचंड ठोकळा, असा स्पेसिमेन हलवला आणि त्याआधी जगभरच्या टीम्सना अंदाज पाठवायला सांगितलं. ड्रॉइंग सगळ्यांना दिलेलं, मटेरियलचे आकडे दिलेले, भूकंप दिलेला. कॉलम एकच असूनही उत्तरं भलतीच पसरली. लिहून ठेवलेला अंदाज नसेल तर टेस्टनंतर प्रत्येकालाच वाटतं की आपल्याला हे आधीपासून माहीत होतं.

भूकंप निवडणं आणि टेबलाचा दम

रेकॉर्ड निवडताना नावावर जाऊ नका. १९४० च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपाचा एल सेंट्रो रेकॉर्ड सगळे वापरतात म्हणून आपणही, हे कारण पुरेसं नाही, तुमच्या स्ट्रक्चरच्या कंपनकाळाजवळ (एका डोलण्याला लागणारा वेळ) त्या रेकॉर्डचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनकाळाला किती जोर येतो त्याचा आलेख, काय म्हणतो ते बघा, आणि स्ट्रक्चर मऊ होत जाणार असल्यामुळे त्याच्या दीड-दोन पट कंपनकाळापर्यंत बघा.

मग टेबलाला ते झेपतंय का ते तपासा. प्रत्येक टेबलाला तीन मर्यादा असतात: किती सरकेल, किती वेगाने, किती बलाने. कमी वारंवारतेला पहिली आडवी येते, मधे वेगाची म्हणजे तेलाच्या प्रवाहाची, आणि वर बलाची. साध्या साइन लाटेवर हिशेब करून बघा. १ जी प्रवेग (गुरुत्वाकर्षणाएवढा), १ हर्ट्झ: सरकणं साधारण २५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर. तोच १ जी, ५ हर्ट्झ: सरकणं जेमतेम १ सेंटिमीटर, वेग ०.३ मीटर. म्हणजे "आमचं टेबल १ जी देतं" या वाक्याला वारंवारता सांगितल्याशिवाय अर्थ नाही. त्यात उलटण्याचा मोमेंट वेगळाच, २० टनांचा स्पेसिमेन १ जी ला जवळपास २०० किलोन्यूटन आडवं बल देतो, आणि त्याचं वस्तुमान ४ मीटर उंचीवर असेल तर टेबलाला ८०० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट सोसावा लागतो. ही मर्यादा माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत असते आणि टेस्ट अडते नेमकी तिच्यावर.

शिवाय मागितला तो भूकंप टेबल जसाच्या तसा देत नाही. जड स्पेसिमेन टेबलालाच उलटा ढकलतो, तेलाच्या स्तंभाचा स्वतःचा रेझोनन्स असतो. म्हणून कमी पातळीवर चालवून, मिळालेल्या आणि हव्या हालचालीचा फरक बघून ड्राइव्ह सिग्नल दोन-चार वेळा सुधारून घेतात. पण स्पेसिमेन तडकला की त्याचं वागणं बदलतं आणि ती सुधारणा जुनी होते. त्यामुळे नंतरच्या ॲनालिसिसला कायम टेबलावर मोजलेली हालचाल घाला, मागितलेली नव्हे. ही चूक छापील पेपरांतही दिसते.

क्रम साधारण लहान ते मोठा असा ठेवतात: बारीक धक्के, मग नेहमीचा, मग डिझाइनचा (ज्यासाठी बिल्डिंग आखली तो), मग त्याहून मोठा. प्रत्येक रननंतर कमी पातळीचा व्हाइट नॉइज (सगळ्या वारंवारता मिसळलेली बारीक थरथर) चालवून वारंवारता मोजायची. पण डिझाइनचा भूकंप लागेपर्यंत स्पेसिमेन आधीच मार खाल्लेला असतो, तेव्हा मॉडेललाही सगळे रन ओळीने, मधे रीसेट न करता खायला घाला.

स्पेसिमेन बांधणं आणि सेन्सर

इथे घाई अजिबात नको. स्ट्रेन गेज (सळई किती ताणली ते मोजणारी चिकटवायची पट्टी) सळईवर लावायचं काम जवळून बघितलं तरच कळतं डेटा का मरतो. सळईच्या धारी तेवढ्याच जागेपुरत्या घासायच्या, पण छेद कमी होईल इतक्या नाही, मग बारीक पॉलिश पेपर, मग ॲसिटोनने पुसायचं आणि कापसावर काळा डाग येणं बंद होईपर्यंत पुसत राहायचं, त्यानंतर बोट लावायचं नाही. गेज टेपवर उचलून, खुणेवर धरून, थेंबभर गोंद आणि अंगठ्याने मिनिटभर एकसारखा दाब. वायर सोल्डर केल्यावर रेझिस्टन्स मोजा, १२० ओहमच्या गेजवर १२० च्या आसपास यायलाच हवा, आणि सळई ते वायर इन्सुलेशनही तपासा. मग वॉटरप्रूफ थर, त्यावर मऊ पट्टी, त्यावर टेप. वायरला थोडी ढील सोडून सळईच्या बाजूने बांधत न्यायची, कारण काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर त्या वायरवरच येतो, कसा कोण जाणे. लेबल वायरच्या दोन्ही टोकांना लावा, एका नाही. आणि ओतण्याआधी सगळ्या सळ्यांचे, रिंगांचे, गेजच्या जागांचे टेप लावून फोटो काढा, नंतर ते कुणालाच दिसणार नाही.

गेज यिल्डनंतर फार काळ जगत नाहीत. ४१५ ग्रेडच्या सळईचं यिल्ड साधारण २००० मायक्रोस्ट्रेनला (म्हणजे ०.२ टक्के ताणल्यावर), तिथपर्यंत ते सोनं, पुढे त्यांच्या भरवशावर राहू नका. मोठ्या हालचालीला विस्थापन मोजणारे सेन्सर आणि कॅमेऱ्यावर आधारित मोजणी कामाला येतात.

काँक्रीटचे सिलिंडर २८ दिवसांना फोडून मोकळं होऊ नका, टेस्टच्या दिवसासाठी राखून ठेवा. सळईचेही तुकडे त्याच बॅचचे ठेवा, ताणून बघायला.

सेटअपमध्ये पाणी कुठे मुरतं

ॲक्च्युएटरमधलं विस्थापन म्हणजे स्पेसिमेनचं विस्थापन नाही. मधे रिॲक्शन फ्रेम वाकते, पिना ढिल्या असतात, फुटिंग (स्पेसिमेनचा पाया) सरकतं, फुटिंग डुलतं. ३ मीटरच्या कॉलमचं फुटिंग ०.००१ रेडियन फिरलं, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं, तरी माथ्यावर ३ मिलिमीटर होतात, १ टक्का ड्रिफ्टला त्याचा वाटा दहावा हिस्सा. म्हणून कशालाही न टेकलेली वेगळी रेफरन्स फ्रेम उभारा, मोजणी तिच्यावरून करा, आणि फुटिंगवर सरकणं-फिरणं मोजणारे सेन्सर लावा.

उभं लोड जॅकने देत असाल तर कॉलम सरकल्यावर जॅक तिरका होतो आणि त्याचा आडवा घटक तुमच्या मोजलेल्या बलात मिसळतो, कोन मोजून तो वजा करा. बाजूला पडू नये म्हणून लावलेल्या आधारांचं घर्षणही असतं, स्पेसिमेन जोडायच्या आधी रिकामं हलवून ते बघून घ्या.

हायब्रिड: इथे कंट्रोलच खरा खेळ

स्ट्रक्चरचे दोन भाग करायचे. ज्याच्यावर विश्वास नाही तो लॅबमध्ये, बाकी कॉम्प्युटरमध्ये. दोघांना जोडायला ओपनफ्रेस्कोसारखं मधलं सॉफ्टवेअर असतं. पुलाचा एक पिलर खरा आणि बाकी पूल आकड्यांत, हे नेहमीचं उदाहरण. कट कुठे मारायचा हे महत्त्वाचं, जिथे मोमेंट शून्याच्या जवळ असतो तिथे मारला तर एका ॲक्च्युएटरवर भागतं, नाहीतर फिरवणंही नियंत्रित करावं लागतं.

इंटिग्रेशनला सेंट्रल डिफरन्ससारखी सरळ पद्धत घेतली तर वेळेचं पाऊल सगळ्यात लहान कंपनकाळ भागिले पाय (π, ३.१४) यापेक्षा छोटं हवं. मॉडेलमध्ये एखादा हलका नोड (जोडबिंदू) किंवा भयंकर कडक भाग राहिला की तो कंपनकाळ इतका लहान होतो की टेस्ट संपणारच नाही. मॉडेल आधी साफ करा.

कडक स्पेसिमेनला विस्थापनाची बारीक चूकही महागात पडते. स्टिफनेस मिलिमीटरला २०० किलोन्यूटन असेल तर ०.०५ मिलिमीटरची चूक म्हणजे १० किलोन्यूटन, आणि हे बल थेट समीकरणात जातं. त्यातही दिशा वाईट असते: ॲक्च्युएटर कायम थोडा मागे राहत असेल तर सिस्टिमला फुकटची ऊर्जा मिळत जाते, जणू उलटं डॅम्पिंग. रिअल-टाइममध्ये तर हे स्पष्ट मोजता येतं, उशिरामुळे येणारं उलटं डॅम्पिंग म्हणजे कोनीय वारंवारता गुणिले उशीर भागिले दोन. कंपनकाळ अर्धा सेकंद आणि उशीर १० मिलिसेकंद धरा, उत्तर येतं ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे तुम्ही घातलेलं ५ टक्के डॅम्पिंग खाऊन वर हालचाल वाढत जाणार आणि शेवटी इमर्जन्सी स्टॉप दाबावा लागणार. (हा आकडा सगळी स्टिफनेस लॅबमध्येच आहे असं धरून. काही भाग कॉम्प्युटरमध्ये असेल तर कमी.) म्हणून उशिराची भरपाई करणारा अल्गोरिदम लावायचा, आणि आधी एक इलास्टिक स्प्रिंग किंवा कमी पातळीचा स्पेसिमेन घेऊन तपासायचा. इलास्टिक भागाच्या मागितलेलं विस्थापन-मोजलेलं बल या ग्राफला सरळ रेघ यायला हवी, पोट सुटलं तर उशीर बाकी आहे.

थांबून परत सुरू करायची सोयही आधीच ठेवा. २००३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय आणि कोलोरॅडोतल्या लॅब नेटवर्कने जोडून एकच फ्रेम दोन ठिकाणी मिळून टेस्ट केली, मोस्ट नावाचा प्रयोग, १५०० पावलांपैकी १४९३ व्या पावलाला नेटवर्कमुळे थांबला. तिथे निष्कर्ष हाती आलेले होते म्हणून ठीक, पण हेच ७०० व्या पावलाला झालं असतं तर? प्रत्येक पावलाला पूर्ण अवस्था सेव्ह झालीच पाहिजे.

टेस्टच्या दिवशी

आदल्या दिवशी कमाल लोडच्या दहाएक टक्क्यांत एक फेरी मारून प्रत्येक सेन्सरची दिशा आणि चिन्ह तपासा. पुढे ढकलल्यावर अधिक येतंय की उणे, हे टेस्टच्या मधे शोधत बसायचं नसतं. कोणत्या आकड्याला थांबायचं हे लिहून कंट्रोल रूममध्ये लावा, आणि थांबवायचा निर्णय एकाच माणसाचा ठेवा. शेक टेबलावर क्रेनच्या ढिल्या स्लिंग किंवा आतून पकडणारी फ्रेम लागतेच, कोसळणारा स्पेसिमेन टेबलावर आपटला तर टेबल जातं.

तडे मार्क करायला दोन रंग, ढकलताना एक, ओढताना दुसरा, बाजूला ड्रिफ्ट लिहायचा. सायक्लिकमध्ये शिखरावर थांबल्यावर बल हळूहळू उतरतं, स्पेसिमेन सैलावतो, तर कमाल बल थांबण्याआधीचं धरा. पूर्ण शिखरावर असताना स्पेसिमेनजवळ जाऊ नका, थोडं लोड उतरवून मगच तडे बघायला जा. आणि कॅमेरे व डेटा एकाच घड्याळावर आणायला सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल असा एक एलईडी ठेवा, तो लागल्याचा सिग्नल डेटातही रेकॉर्ड करा. साधं आहे पण नंतर कितीतरी रात्री वाचतात.

डेटा वाचताना

पहिलं काम हिशेब जुळवणं. शेक टेबलावर प्रत्येक मजल्याचं वस्तुमान गुणिले मोजलेला एकूण प्रवेग, सगळ्यांची बेरीज, आणि खाली लोड सेलने मोजलेलं बेस शिअर (पायाशी येणारं एकूण आडवं बल), हे दोन एकमेकांच्या जवळ यायला हवेत. येत नसतील तर पुढचं काहीही करू नका. फिल्टर लावताना पुढून-मागून दोन्हीकडून लावा, नाहीतर बल आणि विस्थापन एकमेकांपासून सरकतात आणि लूपचा (बल-विस्थापनाच्या ग्राफवर प्रत्येक फेरीला येणाऱ्या वळशाचा) आकारच बदलतो.

वारंवारता उतरली की नुकसान किती याचा झटपट अंदाज येतो, कारण स्टिफनेस वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलते. वारंवारता ७० टक्क्यांवर आली म्हणजे स्टिफनेस साधारण निम्मी राहिली.

लूप नुसते प्लॉट करून सोडू नका, त्यांची तब्येत बघा. भरलेले, गुबगुबीत लूप म्हणजे स्टील यिल्ड होतंय आणि ऊर्जा खातंय. मधे चिमटलेले लूप म्हणजे सळई सरकतेय किंवा शिअरचे तडे उघडतायत-मिटतायत. त्याच ड्रिफ्टच्या दुसऱ्या फेरीत बल बरंच घसरलं तर काहीतरी आत सुटलंय, ते कुठे सुटलं हे फोटोवर शोधा.

मग तुमचा लिहिलेला अंदाज काढा आणि शेजारी ठेवा. जिथे चुकलाय तिथे कारण शोधा, पण सगळे पॅरामीटर फिरवून कर्व्हवर कर्व्ह बसवू नका, दहा नॉब फिरवले की कुठलीही टेस्ट जुळते. मोजलेल्या मटेरियलचे आकडे घाला, मोजलेली टेबलाची हालचाल घाला, फुटिंगची हालचाल घाला, आणि एवढ्यावर जे उरतं तेच मॉडेलचं खरं अज्ञान. एका रनवर सुधारलेलं मॉडेल दुसऱ्या रनवर काहीही न बदलता चालवून बघा.

डेटा जपताना कच्च्या फाइलला हात लावू नका, सुधारलेली वेगळी ठेवा, सेन्सरची यादी, जागा, चिन्ह, कॅलिब्रेशनची तारीख सोबत हवी. डिझाइनसेफसारख्या खुल्या साठ्यांवर दुसऱ्यांच्या टेस्टचा डेटा बघा, कुठला समजतो आणि कुठला समजत नाही यावरून आपला कसा ठेवायचा ते लगेच कळतं. आणि मोडलेला स्पेसिमेन लगेच तोडून ट्रकमध्ये भरू नका, लॅबवाले जागेसाठी मागे लागतील तरी. सगळे ग्राफ एकदा पूर्ण काढून होईपर्यंत तो उभा राहू दे, कारण विचित्र दिसणाऱ्या लूपचं उत्तर पुष्कळदा कव्हर काढून आतली सळई बघितल्यावरच मिळतं.